सुट्टीतला पिक्चर

18 डिसेंबर 2024, बुधवार
गुरू घासीदास जयंती. पहाटेपासून मांदर वाजतोय. कोपऱ्यावरच्या सतनामींच्या जैतखामावर नवा पांढरा झेंडा चढला. कामाची दाई आज यायची नाही, तिच्या पारात पंथीचा नाच आहे. भांडी मीच घासली.

दुपारी मुलाचा फोन. शनिवारी पोरांना घेऊन येतोय. सूनबाई? "तिचं मागाहून बघू." एवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

19 डिसेंबर, गुरुवार
गाद्या, रजया उन्हात घातल्या. पाणी तापवायचा रॉड माळ्यावर टाकला. पोरं आहेत तोवर अंघोळीचं पाणी गॅसवर, आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स असताना थंडीत लहान पोरं येत ती बहुतेक याच कारणानं. उकळती बादली, आणि आई टॉवेल आणायला गेलेली. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदांत खोलवर जाळतं. लहान मुलाची त्याहून लवकर.

20 डिसेंबर, शुक्रवार
सूनबाईंचा मेसेज. दोघांना रात्री नऊला झोपवा. मोबाइल अर्धा तास. चिऊला शेंगदाणे नकोत. आणि 'होम अलोन' दाखवू नका, मोठा मागे लागलाय, वर्गात सगळ्यांनी पाहिलाय, पण त्यात मारामारी फार आहे.

मी लिहिलं, बरं. तू कधी येतेस?

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

21 डिसेंबर, शनिवार
आझाद हिंद उशिरा आली. दुर्ग स्टेशनवर कडाक्याची थंडी. चिऊ बाबाच्या खांद्यावर झोपलेली. मोठा स्वतःची बॅग स्वतः ओढत उतरला, मला वाकून नमस्कार केला. आठ वर्षांचं पोर. इतकं शहाण्यासारखं वागतं की मला बरं वाटलं नाही.

मुलगा बारीक झालाय.

22 डिसेंबर, रविवार
सकाळी चहा घेताना मुलाला मेसेजचं सांगितलं. म्हणाला, "आई, बघू दे त्याला. आम्ही 'झपाटलेला' बघूनच मोठे झालो ना?"

झालास, पण कसा ते माझ्या लक्षात आहे. सिनेमा 1993 चा. कॅसेट नागपूरहून मामानं आणलेली. तू सात वर्षांचा. लक्ष्मीकांत बेर्डे आला की सोफ्यावरून खाली पडेस्तोवर हसायचास, आणि रात्री रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याच्या भीतीनं माझ्या कुशीत. गोळीबाराची भीती नव्हती, खुनाची नव्हती. घरातलं खेळणं रात्री उठून बसेल, ही भीती. ताईची कापडी बाहुली कपाटात ठेवून कडी घालायला लावायचास.

हे त्याला बोलले नाही. मग गाडीची वेळ झाली. पोरांना सोडून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. निघताना मोठ्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो बाजूला झाला. चिऊ रडली.

रात्री, दोघं झोपल्यावर
नाही म्हणायचं तर आधी बघायला हवं. आवाज बारीक करून टीव्हीवर 'होम अलोन' लावला. हिंदीत.

1990 चा. जॉन ह्यूजची कथा, ख्रिस कोलंबसचं दिग्दर्शन. नाताळच्या सुट्टीत शिकागोजवळचं एक मोठं कुटुंब पॅरिसला निघतं. अकरा पोरं. रात्री वादळानं वीज जाते, सकाळी जाग येत नाही, धावपळीत मोजणी चुकते. शेजारचा एक मुलगा मोजला जातो आणि आपला घरात राहतो. केविन. आठ वर्षांचा. मग दोन चोर, आणि तो त्यांच्यासाठी रचतो ते सापळे.

सूनबाई म्हणतात ती मारामारी शेवटच्या भागात आहे. मी ती वॉर्डच्या डोळ्यांनी पाहिली, दुसरे डोळे मला नाहीत. दाराची मूठ विजेवर तापवून लालभडक केलेली. चोर ती पकडतो, तळहातावर अक्षर उमटतं, तो हात बर्फात खुपसतो, पुढच्या मिनिटाला दुसऱ्या दारावर हजर. इथं भिलाईत, पोलादाच्या गावात, कुणालाही विचारा. लोखंड मंद लाल दिसायला लागतं तेच 500 अंशांच्या वर. त्या मुठीला हात लागला तर कातडी मुठीलाच राहील. आणि खोल भाजलं की दुखत नाही, ते जास्त वाईट, कारण आतल्या नसाच जळालेल्या असतात. असा तळहात बरा होताना आखडतो. दुसऱ्या जागेची कातडी लावावी लागते, महिनोन्‌महिने बोटं सरळ करण्याचा व्यायाम. मूठ मिटता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी माणसांना शिकवत आलेय.

मग टाळूवर ब्लो टॉर्चची ज्योत. जिन्यावर डांबर आणि त्यात उभा खिळा. तोंडावर इस्त्री. दोरीला बांधलेले रंगाचे डबे. उघड्या पायांखाली काचेचे गोळे.

मला हसू आलं नाही. पण भीतीही वाटली नाही, हेही लिहायला हवं. चोर पडतात तसं कुणी पडत नाही. हवेत आडवे होतात, ओरडण्याआधी क्षणभर थांबतात, मग पडतात. टॉम आणि जेरी 1940 पासून हेच करत आलेत. आठ वर्षांच्या पोराला हे कळतं.

मला खटकलं ते सुरुवातीलाच. स्वयंपाकघर. पिझ्झावरून भांडण, दूध सांडतं, सगळं घर त्या एका पोराकडे बघतं. काका सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलतो. कुणी एक शब्द काढत नाही. आई हाताला धरून माळ्यावर झोपायला नेते. आणि पोर म्हणतं, मला हे घरातले कुणी नकोत, नाहीसे होऊ देत सगळे. सकाळी उठतं तर खरंच कुणी नाही.

त्याला वाटतं, हे आपल्या बोलण्यानं झालं.

ही गोष्ट इस्त्रीपेक्षा जड आहे. झोप येईना. दीड वाजला.

23 डिसेंबर, सोमवार
मोठ्यानं सकाळीच विचारलं. "आजी, तू काल बघितलास ना? मला म्युझिक ऐकू आलं."

"मग उठला का नाहीस?"

"आईनं नाही सांगितलंय."

मी विचारलं, तुला का बघायचाय? म्हणाला, "तो एकटा राहतो आणि त्याला सगळं जमतं."

दुपारी सूनबाईंना फोन. आधी पिक्चरचं. सेन्सॉरनं आता 'यूए'चे तीन भाग केलेत, सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पुढचे. 2023 ला कायदा बदलला, यंदा नियम आले. सरकारलासुद्धा कळलं की पाच वर्षांचं आणि आठ वर्षांचं पोर एका ओळीत बसवता येत नाही. चिऊला मी दाखवणार नाही. मोठ्याला माझ्या शेजारी बसवून दाखवू का? मधे थांबवत, बोलत. ती गप्प राहिली. म्हणाली, "आई, तुम्हाला योग्य वाटतं तसं करा." आवाज थकलेला. पाठीमागे घरात कुणीच नसल्यासारखी शांतता.

मग विचारायचं ते विचारलंच नाही.

रात्री टीव्हीवर बातमी. श्याम बेनेगल गेले.

24 डिसेंबर, मंगळवार
बेनेगलांवर सगळीकडे 'अंकुर', 'मंथन'. 'चरणदास चोर' कुणी फारसा काढत नाही. 1975 चा, बाल चित्रपट समितीसाठी केलेला. म्हणजे मुलांचा पिक्चर, आपल्या छत्तीसगढात झालेला, छत्तीसगढी नटांना घेऊन. आणि राणीच्या कामात आपली स्मिता पाटील, अगदी नवी.

मूळ लोककथा विजयदान देथांच्या लेखणीतली, राजस्थानातली. हबीब तन्वीरांनी तिचं नाटक केलं ते इथं भिलाईत, 1974 च्या शिबिरात. मैदानात सतनामी मंडळींसमोर पहिल्यांदा झालं. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं, पण सासरे प्लांटमध्ये होते. त्यांच्या तोंडून ऐकलंय. चोर गुरूला वचन देतो, खोटं बोलणार नाही. चोर असून सत्य सोडत नाही, आणि त्या सत्यापायीच जीव जातो. पोटभर हसवून शेवटी मारतात. गावातली सगळी लहान पोरं पुढे मातीत बसलेली, त्यांना कुणी घरी पाठवलं नाही. सासरे म्हणायचे, चोर मेला तेव्हा पोरं रडली, आणि नाटक संपल्यावर रडत रडतच पंथीत नाचायला गेली.

मुलांसाठी म्हणजे दुःख काढून टाकलेलं, असं तन्वीरांनी मानलं नाही, बेनेगलांनीही नाही. मलाही पटत नाही. त्या मैदानात आजूबाजूला आई होती, आजा होता, गाव होतं. फरक पडतो तो तिथं.

रात्री
चिऊ साडेआठला झोपली. मोठ्याला रजईत घेऊन बसले. आधीच सांगितलं, हवं तिथं थांबवायचं.

स्वयंपाकघराच्या भागात तो हसला नाही. रिमोट माझ्या हातात होता. त्यानंच हात ठेवला.

"आजी, तो म्हणाला म्हणून ते गेले?"

"नाही रे. मोजताना गडबड झाली. तिकीट दुधानं भिजलेल्या कागदांबरोबर कचऱ्यात गेलं. त्याच्या बोलण्याचा काही संबंध नाही. बोलण्यानं कुणी जात नाही."

बराच वेळ तो पडद्याकडेच बघत राहिला, थांबलेल्या चित्राकडे.

"मीपण म्हटलं होतं."

"काय?"

"तुम्ही दोघं भांडता त्यापेक्षा नसलात तर बरं. मग दुसऱ्या दिवशी बाबा काकाकडे राहायला गेला."

पोराला जवळ घेतलं. काय बोलले ते नीट आठवतही नाही. मोठ्यांची भांडणं मोठ्यांची असतात, त्याला तू कारण नाहीस, हे निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिले. तो रडला नाही. अंग मात्र ताठ होतं, ते हळूहळू सैल झालं.

मग म्हणाला, "लाव पुढे."

सापळ्यांना खदखदून हसला. इस्त्रीला तर टाळ्या. मी खिळ्याच्या जागी डोळे मिटले, तर मलाच समजावू लागला. "आजी, ते रबराचे पाय असतात. आणि काच साखरेची." त्याच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलंय. खरं आहे ते. डॅनिअल स्टर्नला अनवाणी दिसण्यासाठी रबरी पाय घातले होते. पण मी त्याला दुसरंही खरं सांगितलं. दुसऱ्या भागात, 1992 च्या, जो पेस्कीच्या टोपीला आग लागते ना, तिथं तो खरोखर भाजला. डोक्याला चांगलंच भाजलं, असं त्यानं स्वतः पुढे सांगितलं. एवढे स्टंटवाले, एवढी तयारी, तरी.

तो विचारात पडला. "म्हणजे आग खोटी करता येत नाही?"

"नाही. पडणं खोटं करता येतं. आग नाही."

सापळ्यांच्या आधी, चर्चमधला तो म्हातारा. सगळी पोरं त्याला खुनी समजतात, आणि तो बिचारा मुलाशी बोलणं तुटलं म्हणून नातीला लांबून बघायला आलेला. केविन त्याला म्हणतो, फोन करा की. आठ वर्षांचं पोर म्हाताऱ्याला सांगतंय.

शेवटी तो म्हातारा मुलाला भेटतो, तेव्हा मोठा झोपला होता. मी एकटीनंच पाहिलं.

25 डिसेंबर, बुधवार
नाताळ. सकाळी सेक्टर 6 च्या मैत्रिणीकडून केक आला. वॉर्डात आम्ही दोघी बरोबर होतो. कोट्टायमची, आता पक्की भिलाईची. गेटवर तारा टांगलाय, आत गोठा मांडलाय. चिऊनं बाळ येशूला विचारलं, याची आई कुठंय? मैत्रिणीनं मरियम दाखवली. चिऊचं समाधान झालं.

दुपारी. दाई डाळीचं पातेलं उचलून ओट्यावरून टेबलाकडे निघाली. उकळती डाळ. दारात सहा-सात छोट्या गाड्या ओळीनं मांडलेल्या. पाय पडला, ती घसरली, पण सराईत बाई, पातेलं अंगापासून लांब धरलं आणि भिंतीला टेकली. थोडी डाळ फरशीवर. तिच्या मनगटावर चार थेंब. लगेच नळाखाली धरायला लावलं. वीस मिनिटं घड्याळ लावून, वाहतं पाणी, बर्फ नाही, तूप नाही, टूथपेस्ट नाही. दाई म्हणत होती, "का होगे दीदी, कुछु नइ होइस." मी सोडलं नाही.

चिऊ दाराआड उभी. टाळ्या वाजवायच्या तयारीत हात. चेहरा बघून हात खाली.

तिनं पिक्चर पाहिलेला नाही. दादानं सकाळी अंथरुणात गोष्ट सांगितली, चोर गाड्यांवरून कसा आडवा झाला ते करून दाखवलं. बास.

मोठ्याला रागावले नाही. त्यानं पाहिलं, हसला आणि त्याच्या डोक्यात ते पडद्यातच राहिलं. चिऊच्या डोक्यात ते घरात आलं. तीन वर्षांचा फरक. नर्सिंगला असताना बँडुराचा प्रयोग शिकलो होतो, स्टॅनफर्डचा, 1961 चा. मोठ्या माणसानं फुगवलेल्या बाहुलीला बदडलं, ते बघून लहान पोरांनी तशीच बदडली, तेच शब्द, तीच हातोडी. पुढे पडद्यावर दाखवूनही तेच झालं. ती पोरं तीन ते सहा वर्षांची होती. चिऊच्या वयाची.

'शक्तिमान' 1997 ला सुरू झालं. मुलांनी नक्कल केल्याच्या बातम्या आल्या. मग मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन सांगू लागले, हे करू नका. सांगायला हवंच होतं. पण पडद्यातला माणूस सांगून निघून जातो. घरातल्या माणसाला तिथंच थांबावं लागतं.

चिऊला मांडीवर घेऊन दाईचं मनगट दाखवलं. चार लाल ठिपके. "दुखतं?" तिनं विचारलं. दाई म्हणाली, "थोडकन, नोनी." चिऊनं फुंकर घातली. मग सगळ्या गाड्या डब्यात भरून डबा माझ्याकडे दिला, न सांगता.

26 डिसेंबर, गुरुवार
मैत्री बाग. पांढरा वाघ झोपलेला. चिऊ हिरमुसली. मोठा पाटी वाचत होता. 1972, सोव्हिएत-भारत मैत्री. "आजी, मैत्री झाली की बाग बांधतात?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी मुलाला फोन. मोठा काय म्हणाला ते शब्दन्‌शब्द सांगितलं. पलीकडे खूप वेळ काही नाही. "आई, मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, तो बोलणार कसा, तुम्ही दोघांनी त्याला विचारलंय कधी? आता विचारा. तुमचं काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा, मी मध्ये पडणार नाही. पण त्या पोराला हे तुमच्या तोंडून ऐकू दे. माझ्या तोंडून ऐकून भागायचं नाही.

मग सूनबाईंना फोन. तेच, तसंच. ती रडली.

रात्री उशिरा बातमी. मनमोहन सिंग गेले.

27 डिसेंबर, शुक्रवार
दुखवटा. टीव्हीवर दिवसभर तेच. मोठा विचारतो, ते कोण होते. सांगितलं. फार कमी बोलायचे म्हणून लोक त्यांना हसत, हेही सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यासारखे."

सूनबाईंचा मेसेज. उद्याचं विमान. रायपूर, दुपारी.

मुलाचा मेसेज. मीपण निघालोय, गाडीनं.

28 डिसेंबर, शनिवार
शेजारच्या भाभींच्या मुलानं गाडीनं रायपूरला नेलं. विमानतळावर चिऊ धावत सुटली. मोठा माझा हात धरून उभा राहिला. सूनबाई गुडघ्यावर बसली तिथंच, माणसांच्या गर्दीत, बॅगा आजूबाजूला. त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "आजीनं सांगितलंय." ती म्हणाली, "मीपण सांगते."

परतताना कुम्हारीच्या पुढे दोघं एकमेकांवर रेलून झोपलेली.

29 डिसेंबर, रविवार
मुलगा पहाटे पोचला. घरात चौघं, मी पाचवी. जेवताना आवाज बेताचे. भाजी कुणी कुणाला वाढायची यावर क्षणभर अवघडलेपण. मग चिऊनंच दोघांच्या पानात वाढली.

दुपारी मोठा म्हणाला, आई, तूपण बघ ना पिक्चर, मी दाखवतो. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिऊला घेऊन मी बाहेर अंगणात उन्हात बसले, तिवऱ्याची भाजी निवडत. आतून आवाज येत होते. स्वयंपाकघराचा भाग आला, आवाज थांबला. खूप वेळ थांबला. मुलगाही आत गेला.

चिऊ म्हणाली, "पिक्चर संपला?"

"नाही. मध्ये थांबलाय."

सापळे लागले तेव्हा मोठ्याचं हसू ऐकू आलं, आणि त्याच्याबरोबर सूनबाईंचं. मुलाचं नाही. त्याला विनोद उशिरा कळतो, लहानपणापासून.

30 डिसेंबर, सोमवार
सूनबाई सकाळी ओट्याशी. म्हणाली, "आई, मी मारामारी आहे म्हणून नको म्हटलं होतं." म्हटलं, बरोबर होतं की चिऊसाठी. मारामारी तिच्यासाठीच जास्त वाईट. मोठ्याला त्यातली आग आणि विजेची वायर तेवढी शेजारी बसून सांगायची, बाकी पडापडीला त्याला हसू दे. पण ते पहिलं स्वयंपाकघर. तो भाग कुठल्याही आठ-नऊ वर्षांच्या पोरानं एकट्यानं बघू नये, घरात काही बिनसलेलं असलं तर मुळीच नाही. ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

ती मान हलवत राहिली. डाळ उतू गेली.

दाईचे ठिपके सुकले. फोड नाहीत.

31 डिसेंबर, मंगळवार
परतीची तिकिटं. चारही. मुलगा आणि सूनबाई काय ठरवणार, मला सांगितलेलं नाही. पुण्याला गेल्यावर दोघं कुणालातरी भेटायला जाणार आहेत, समुपदेशक. एवढं मोठ्यानं मला सांगितलं, कारण त्यालाही तिथं नेणार आहेत.

चिऊ सकाळपासून मागे. दादानं पाहिला, आईनं पाहिला, बाबानं पाहिला, मलाच का नाही? समजावलं. दाईचा हात आठवतोय ना? आठवतोय म्हणाली. मग? मग काय, पाहायचाच आहे.

सांगितलं, तू सात वर्षांची झालीस की. त्या नाताळला मी तुझ्याबरोबर बसून बघेन, इथंच. तिनं बोटांवर वर्षं मोजली, ओठ काढला आणि रडायला लागली. रडू दिलं. रॉड अजून माळ्यावरच आहे, उद्या काढीन. आत्ता तिच्यासाठी फरा करायला घेतलाय, पीठ भिजवून ठेवलंय.